आवाज मोठा नको, स्वच्छ हवा

सकाळची वेळ आहे. वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातले घर डोळ्यांसमोर आणावे. ओसरीच्या कोनाड्यात लाकडी खोक्याचा जुना रेडिओ आहे. आजोबा खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आहेत आणि आवाजाचे बटण उजवीकडे, आणखी उजवीकडे फिरवत आहेत. आतून नातू ओरडतो, ‘‘आबाजी, आवाज कमी करा ना जी! शेजारच्या घरी जाऊन राह्यला!’’ आजोबा म्हणतात, ‘‘अरे, आवाज येते, पण तो काय बोलते ते समजून नाही राह्यलं.’’

या दोन वाक्यांत एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. आवाज येणे वेगळे आणि शब्द समजणे वेगळे. घरातल्या बहुतेकांना हा फरक कळत नाही. मग एक तर रेडिओ ‘जुना झाला’ म्हणून अडगळीत जातो, नाही तर आजोबा ‘म्हातारे झाले’ म्हणून बाजूला पडतात. दोन्ही निदाने घाईची असतात. जुन्या रेडिओतून स्वच्छ आवाज काढता येतो आणि थकलेल्या कानालाही मदत करता येते. मात्र, त्यासाठी आवाजाच्या बटणावरचा हात आधी काढावा लागतो.

रेडिओचे आणि या भागाचे नाते जुने आहे. मुंबईत 1927 मध्ये नियमित प्रक्षेपण सुरू झाले. 1948 मध्ये नागपूरचे केंद्र आले आणि विदर्भाला आपल्या बोलीचा आवाज घरात ऐकू येऊ लागला. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना दरवर्षी नवा करून आणण्याचा काळ अनेक ज्येष्ठांना आठवत असेल. त्या काळातले मर्फी, फिलिप्स, बुश यांचे व्हॉल्व्हचे संच, नंतरचे ट्रान्झिस्टर, आणि नोकरीनिमित्त शहरात किंवा आखातात राहिलेल्यांनी आणलेले हाय-फाय ट्यूनर व ॲम्प्लिफायर आजही घराघरांत आहेत. कुणी नुसते जपून ठेवले आहेत, तर कुणी रोज लावतात. ही यंत्रे चांगली वाजावीत ही इच्छा केवळ हौसेची नाही. ज्यांची नजर अधू झाली, ज्यांना मोबाइलचा पडदा जमत नाही, त्यांच्यासाठी रेडिओ हा जगाशी उरलेला धागा असतो.

खरखर आणि शब्द यांची झुंज

ऐकू येणाऱ्या प्रत्येक गोष्टीत दोन घटक असतात. एक, आपल्याला हवा असलेला आवाज आणि दुसरा, नको असलेला गोंगाट. शब्द कळतील की नाही, हे पहिला दुसऱ्यापेक्षा किती वरचढ आहे यावर ठरते. आवाजाचे बटण फिरवले की दोन्ही सारखेच वाढतात. बातमी मोठी होते, तशी खरखरही मोठी होते. त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. तरुण कान थोड्या अंतरावरही काम भागवतो, वयस्क कानाला मात्र हे अंतर जास्त लागते. म्हणून सुधारणा करायची ती या अंतरात. गोंगाट शिरण्याच्या जागा चार आहेत: हवेतून येणारी लहर, घरातली वीज, ज्या खोलीत ऐकतो ती खोली, आणि शेवटचा आपला कान.

लहर घरापर्यंत पोहोचते का?

वाशीमपासून सरळ रेषेत नागपूर सव्वादोनशे किलोमीटरहून थोडे अधिक, परभणी सुमारे शंभर आणि अकोला सत्तरच्या आसपास आहे. मध्यम लहर, म्हणजे जुन्या संचावरचा ‘मीडियम वेव्ह’ पट्टा, जमिनीला धरून लांबवर जाते. नागपूर केंद्राची 585 किलोहर्ट्झची लहर सुमारे 513 मीटर लांबीची. इतक्या लांब लहरीला टेकड्या फारशा आडव्या येत नाहीत. सूर्य मावळल्यावर वातावरणाच्या वरच्या भागातला या लहरी शोषणारा थर विरतो आणि दूरदूरची केंद्रे आकाशातून परावर्तित होऊन येऊ लागतात. रात्री एका केंद्रात दुसऱ्याचे बोलणे मिसळते ते यामुळे. संच बिघडलेला नसतो.

एफएमची गोष्ट उलटी आहे. तिथे लहर जेमतेम तीन मीटरची असते आणि ती जवळपास सरळ रेषेत जाते. अकोल्याकडून येणारा रस्ता पातूरनंतर घाट चढतो आणि मेडशी, मालेगावच्या पठारावर येतो. जो उंचवटा वाहनाला चढावा लागतो, तोच एफएमच्या लहरीला अडवतो. त्यामुळे एका गावात स्वच्छ लागणारे केंद्र चार किलोमीटरवरच्या खोलगट वस्तीत लागतही नाही. तिथे महागड्या ट्यूनरपेक्षा उंचावर लावलेला साधा एरियल जास्त काम करतो.

तो घरीही करता येतो. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची तार घ्यायची. तिचे दोन आडवे हात मिळून दीड मीटरला थोडे कमी, म्हणजे साधारण 140 सेंटिमीटर भरावेत. तारेची रुंद बाजू केंद्राच्या दिशेने ठेवावी आणि ती शक्य तितकी उंच, पत्र्यापासून व लोखंडी जाळीपासून दूर बांधावी. पत्र्याच्या खोलीत ट्यूनर ठेवून आतच तार गुंडाळणाऱ्यांना खरखरीशिवाय फारसे काही मिळत नाही.

मध्यम लहरीसाठी ट्रान्झिस्टरच्या आत काळी फेराइटची कांडी असते. ती केंद्राकडे आडवी असेल तर आवाज भरपूर येतो, टोक केंद्राकडे असेल तर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून संच जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहावा. वाशीमहून नागपूर ईशान्य-पूर्वेला आणि परभणी दक्षिणेला आहे, त्यामुळे दोन्ही केंद्रांसाठी एकच बाजू योग्य ठरणार नाही. व्हॉल्व्हच्या बऱ्याच जुन्या संचांत ही कांडी नसते. त्यांना बाहेरची तार लागते. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी आठवा. ती शोभेची नव्हती. ती काढून टाकली आणि ‘आता रेडिओ पहिल्यासारखा वाजत नाही’ अशी तक्रार सुरू झाली, असे पुष्कळ घरांत झाले आहे.

मध्यम लहरीवरची काही प्रक्षेपणे अलीकडच्या वर्षांत बंद झाली आहेत, हेही लक्षात ठेवावे. संच दुरुस्तीला नेण्याआधी शेजाऱ्याच्या चालू ट्रान्झिस्टरवर तेच केंद्र लागते का, ते पाहावे. तिथेही लागत नसेल तर दोष आपल्या रेडिओचा नाही.

घरातलाच गोंगाट

तीस वर्षांपूर्वी ज्या जागी रेडिओ स्वच्छ लागत होता, त्याच जागी आता तो भुणभुणतो. याचे कारण बहुतेक वेळा घरातच सापडते. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर आणि सौर पंपाचा कंट्रोलर ही सगळी उपकरणे वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून काम करतात. त्या उघडझापीतून बारीक रेडिओ लहरी बाहेर पडतात आणि नेमक्या मध्यम लहरीच्या पट्ट्यात शिरतात.

गुन्हेगार शोधण्याची सोपी रीत आहे. सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घ्यावा, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवावा आणि घराचा मुख्य खटका बंद करावा. खरखर एकदम थांबली तर दोष घरात आहे. मग एक एक उपकरण चालू करत जावे. कुठल्या बल्बपाशी, कुठल्या चार्जरपाशी आवाज उसळतो ते लगेच कळते. तो बदलला किंवा रेडिओपासून तीन-चार हात दूर नेला तरी कित्येकदा काम होते. यासाठी खर्च जवळपास शून्य आहे.

हाय-फाय ट्यूनर असलेल्यांनी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. लांबचे एफएम केंद्र सुसकाऱ्यासह येत असेल तर ‘स्टिरिओ’चा खटका ‘मोनो’वर टाकावा. गाण्याची दोन बाजूंची मजा जाते, पण सुसकारा एकदम उतरतो आणि बातम्यांसाठी तेच हवे. दुसरे, ट्यूनरची तार ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ लिहिलेल्या जागी लावू नये. ती जागा तबकडीसाठी असते. तिथे खालचे सूर मुद्दाम फुगवले जातात आणि बोलणे घुमते. ट्यूनरसाठी ‘ट्यूनर’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेली जागा वापरावी. तिसरे, काटा केंद्राच्या बरोबर मध्यावर आणावा. मीटर असेल तर मीटर पाहून आणि जुन्या व्हॉल्व्ह संचातला हिरवा डोळा असेल तर तो जास्तीत जास्त मिटेपर्यंत. काटा किंचित बाजूला राहिला की ‘स’ आणि ‘श’ फाटके ऐकू येतात.

जुने यंत्र, खरा धोका

इथे एक इशारा द्यायलाच हवा. वर्षानुवर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून काढून सरळ विजेला जोडू नये. आतले कंडेन्सर वाळलेले किंवा गळके झालेले असतात, तारांवरचे रबर भुरभुरते आणि उंदरांनीही आपले काम केलेले असते. त्यातून धूर निघू शकतो, आगही लागू शकते. जाणकार रेडिओ मेकॅनिक असा संच आधी सिरीज बल्बच्या बोर्डवर लावतो आणि कंडेन्सर बदलूनच पूर्ण वीज देतो. खोल गुणगुण, म्हणजे शब्दांच्या मागे सतत चालणारा ‘हूं’ असा सूर, हे बहुधा वीजपुरवठ्याचे कंडेन्सर गेल्याचे लक्षण असते. ते बदलले की रेडिओचा गळा मोकळा होतो. आवाजाचे बटण फिरवताना येणारी करकर मात्र साध्या धुळीची असते आणि साफसफाईने जाते.

अशा संचांत दोनशे व्होल्टच्या वर दाब खेळत असतो आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ टिकून राहतो. काही जुन्या संचांत तर आतला धातूचा सांगाडाच थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढून हात घालणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. ‘आजोबांना ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन जोडून देऊ’ असा जुगाड अशा रेडिओवर कधीही करू नये. मधे योग्य ट्रान्सफॉर्मर नसेल तर हेडफोनच्या तारेतून वीज थेट डोक्यापर्यंत पोहोचू शकते. छपरावर तार लावली असेल तर मृगाच्या आधीच्या वळवाच्या दिवसांत, ढग गडगडू लागण्यापूर्वीच ती संचापासून काढावी. विजांचा कडकडाट सुरू झाल्यावर तिला हातही लावू नये.

खोली आणि बैठक

सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, वर पत्रा किंवा स्लॅब. अशा खोलीत आवाज भिंतींवर आदळून परत परत येतो. एक अक्षर संपायच्या आत मागच्याचा प्रतिध्वनी त्यावर चढतो. जुन्या मातीच्या, शेणाने सारवलेल्या घरात रेडिओ ‘गोड’ वाजायचा, असे ज्येष्ठ म्हणतात. त्यात आठवणींचा गोडवा असेल, पण भौतिकशास्त्रही आहे. मऊ, खडबडीत पृष्ठभाग प्रतिध्वनी पितात. आजच्या खोलीत जाड पडदा, सतरंजी, वळकटी, भिंतीला लावलेल्या गोधड्या हे काम करतात. रेडिओ कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला तर खालचे सूर फुगतात. तो भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर आणि तोंड ऐकणाऱ्याकडे करून ठेवावा.

यातला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जवळ बसणे. उघड्यावर अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. खोलीत त्यापेक्षा कमी, पण फायदा होतोच. आणि हा फायदा खरा असतो, कारण जवळ आल्याने रेडिओ वाढतो, पंख्याची घरघर व स्वयंपाकघरातली भांडी तेवढीच राहतात.

पुढची सूचना अनेकांना उलटी वाटेल. जुन्या संचावरचे ‘टोन’चे बटण बहुतेक घरांत खर्जाच्या बाजूला वळवून ठेवलेले असते, कारण आवाज ‘भारी’ वाटतो. बातम्या किंवा कृषिविषयक माहिती ऐकायची असेल तर ते तीव्र सुरांच्या बाजूला वळवावे. ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चा खटका असेल तर तो बंद ठेवावा. आवाज कदाचित पातळ वाटेल, पण शब्द उलगडतील. असे का होते, हे समजण्यासाठी आता रेडिओकडून कानाकडे यायला हवे.

कान नावाचा ट्यूनर

बाहेरचा कान एरियलसारखा आवाज गोळा करतो. पडदा आणि त्यामागची तीन इवली हाडे तो आत पोहोचवतात. आत शंखाच्या आकाराची, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यात सुमारे 15 हजार सूक्ष्म केसपेशी ओळीने बसलेल्या असतात आणि प्रत्येक भाग ठराविक सुराला प्रतिसाद देतो. नळीच्या दाराशी तीव्र सूर, आतल्या टोकाशी खर्जाचे. रेडिओच्या तबकडीवर केंद्रे मांडलेली असतात तशीच ही मांडणी. ही यंत्रणा उलगडून दाखवणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चे नोबेल मिळाले. त्यांचे काम हंगेरीतल्या टेलिफोनच्या प्रयोगशाळेत सुरू झाले होते, ही गोष्ट बोलकी आहे.

वय वाढते तशा दाराजवळच्या, म्हणजे तीव्र सुरांच्या पेशी आधी झिजतात. एकदा गेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आता भाषेकडे पाहा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या सुरांचे आणि जोरकस असतात. स, श, फ, त, थ ही व्यंजने तीव्र सुरांची आणि क्षीण असतात. आवाजाची ताकद स्वरांत असते, शब्दांचा अर्थ मात्र मुख्यतः व्यंजनांत. म्हणून आजोबांना आवाज येतो, शब्द कळत नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त एका ‘स’चा आहे. सोयाबीनचा भाव ऐकताना तोच निसटला तर बावन्न रुपयांचा घोटाळा होतो.

त्यातच मध्यम लहरीची स्वतःची मर्यादा आहे. तिथे केंद्रे नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असल्याने साडेचार हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा पोहोचत नाही आणि ‘स’चा बराचसा जोर नेमका तिथूनच वर असतो. एफएमवर 15 हजार हर्ट्झपर्यंत आवाज येतो. तीव्र सूर गमावलेला कान आणि तीव्र सूर कापणारी लहर एकत्र आली की शब्दांना दोनदा कात्री लागते. म्हणून ज्यांच्या घरी एफएम नीट लागते, त्या ज्येष्ठांनी बातम्या एफएमवर ऐकाव्यात.

आणखी एक विचित्र गोष्ट असते. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पटकन असह्य होतो. ‘जोरात बोल’ म्हणणारे आजोबा क्षणात ‘ओरडतो कशाला’ म्हणून रागावतात, तेव्हा ते हट्टीपणा करत नसतात. ऐकू येण्याची खालची पायरी वर सरकलेली असते आणि सहन होण्याची वरची पायरी जिथल्या तिथे असते. मधली जागाच अरुंद झालेली असते. आवाजाचे बटण या अरुंद जागेत फार काही करू शकत नाही.

आणि ते बटण घरातल्या तरुणांचेही नुकसान करू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा धरली जाते. तीव्रता दर तीन डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसणारा, मळणी यंत्राशेजारी उभा राहणारा, डाळ मिलमध्ये काम करणारा, वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचणारा तरुण आपल्या केसपेशींचा हिशेब पंचविशीतच सुरू करतो. त्याची वसुली पन्नाशीत होते. अशा कामांत कानात बोळे किंवा कानावर मफ वापरणे हा भित्रेपणा नाही.

खडूची खूण

रेडिओचा एक उपयोग फारसा कुणी करत नाही. घरातल्या रेडिओने ऐकण्यातला बदल लवकर लक्षात येऊ शकतो. एकाच जागी, एकाच खुर्चीवर, पंखा बंद ठेवून एकाच केंद्राच्या बातम्या लावाव्यात. घरातल्या तरुणाला प्रत्येक शब्द कळेल तिथे बटणाशेजारी खडूने एक खूण करावी. आजोबा-आजींना प्रत्येक शब्द कळेल तिथे दुसरी. सहा महिन्यांनी पुन्हा तसेच करावे. दोन खुणांमधले अंतर वाढत असेल, किंवा बटण शेवटपर्यंत नेऊनही शब्द कळत नसतील, तर प्रश्न रेडिओचा राहिलेला नाही. ही खूण म्हणजे निदान नव्हे. तपासणीला जाण्याचे ते एक चांगले कारण मात्र आहे.

तपासणीत कधी कधी सोपे उत्तर मिळते. कानात घट्ट बसलेला मळ डॉक्टरांनी काढला की माणूस तिथल्या तिथे ‘बरा’ होतो. मळ काढण्यासाठी काडी, किल्ली, हेअरपिन किंवा कापसाची काडी घालू नये, त्याने तो आणखी आत जातो. गरम तेल, लसणाचे तेल ओतू नये. पडद्याला छिद्र असेल तर त्यातून जंतुसंसर्ग वाढतो. काही औषधे, उदाहरणार्थ क्षयरोगात किंवा गंभीर संसर्गात दिली जाणारी काही इंजेक्शने, कानाला इजा करू शकतात. मात्र ती स्वतःहून बंद करू नयेत, ऐकण्यात फरक पडल्याचे लगेच डॉक्टरांना सांगावे.

काही लक्षणांत थांबायला वेळच नसतो. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे बंद झाले तर ‘सर्दीने दडा बसला’ म्हणून वाट पाहू नये. ती तातडीची अवस्था असू शकते आणि उपचार जितके लवकर, तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त. एकाच कानात सतत आवाज, भोवळ, कान वाहणे, कान दुखणे यांसाठीही डॉक्टरांना गाठावे.

यंत्र मिळणे आणि यंत्र जुळणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात कमी ऐकू येते. आपल्याकडे राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2006-07 पासून आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून अटींत बसणाऱ्या ज्येष्ठांना साहाय्यक उपकरणे देते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना अशा उपकरणांसाठी एकदा 3 हजार रुपये मिळतात आणि उपकरणांच्या यादीत श्रवणयंत्र आहे. कागदावर वाट आहे. अडचण पुढे येते.

चष्मा नंबर काढल्याशिवाय कुणी घेत नाही. श्रवणयंत्र मात्र अनेकदा कानाचा आलेख न काढता, जत्रेतल्या खेळण्यासारखे विकत घेतले जाते. असे यंत्र सगळेच आवाज वाढवते. भांडी, पंखा, कुत्र्याचे भुंकणे आणि माणसाचे बोलणे सारखेच मोठे. म्हणजे पुन्हा तेच, बटण उजवीकडे फिरवणे. आठवडाभरात ते डबीत जाते आणि ‘मशीनचा काही उपयोग नाही’ असे गावभर होते. केंद्र न लावता रेडिओला दोष देण्यासारखाच हा प्रकार आहे. कुठल्या सुरात किती कमतरता आहे हे आधी मोजावे, यंत्र त्यानुसार जुळवावे, मग पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा जुळवावे. मेंदूलाही नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. या काळात शांत खोलीत, ओळखीच्या निवेदकाचा रेडिओ रोज अर्धा तास ऐकणे हा उत्तम सराव आहे.

या सगळ्याचा संबंध केवळ ऐकण्याशी नाही. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांची जी यादी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने केली आहे, तिच्यात कमी ऐकू येण्याला महत्त्वाचे स्थान आहे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत श्रवणयंत्र व समुपदेशन दिल्याने सर्वच ज्येष्ठांना फरक पडला असे दिसले नाही. पण ज्यांना बुद्धी मंदावण्याचा धोका आधीच जास्त होता, त्या गटात तीन वर्षांत घसरणीचा वेग जवळपास निम्म्याने कमी झाला. म्हणून यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये, आणि ‘या वयात कशाला यंत्र’ असे कुणी म्हणत असेल तर त्यावरही ठेवू नये.

जिल्ह्यात मोतीबिंदूच्या शिबिरांची सवय लोकांना झाली आहे. गाडी येते, डोळे तपासले जातात, तारीख मिळते. त्याच गाडीत, त्याच दिवशी कानही तपासले गेले पाहिजेत. मळ काढणे, साधी श्रवणचाचणी, आणि ज्यांना गरज आहे त्यांना आलेखासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवणे, एवढे तरी रिसोड, मानोरा, मंगरुळपीर, कारंजा, मालेगाव या प्रत्येक तालुक्यात ठरलेल्या दिवशी व्हायला हवे. आणि यंत्र वाटपाच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर महिन्याभराने यंत्र जुळवण्याचा दिवस जाहीर झाला पाहिजे. वाटपाचा फोटो एकदाच निघतो, कान मात्र रोज ऐकत असतात.

तोपर्यंत घरातल्यांना करता येण्यासारखे पुष्कळ आहे. या रविवारी आजोबांच्या रेडिओची तार नीट ताणावी, भुणभुणणारा चार्जर दूर करावा, टोनचे बटण वळवावे, खुर्ची जवळ ओढावी. मग आवाज थोडा कमी करून विचारावे, ‘‘आता समजते का, आबाजी?’’ उत्तर ‘हो’ आले तर रेडिओ सुधारला. ‘नाही’ आले तर कानाची तपासणी करायची वेळ झाली आहे. दोन्ही उत्तरे कामाची आहेत. फक्त विचारताना त्यांच्या समोर बसावे, चेहरा उजेडात असावा आणि ओरडू नये. सावकाश, स्पष्ट बोलावे. माणसाच्या बाबतीतही आवाज मोठा नको, स्वच्छ हवा.